एका पाकळीला दोन प्रश्न

देवाने त्या सोमवारी माझं ऐकलं की गुरवाचं, हे मला अजून कळलेलं नाही. पुढे कळेल असंही वाटत नाही. माझा मुलगा सदा जिवंत आहे. आत्ता मागच्या पडवीत बसून नारळ सोलतो आहे, त्याचा आवाज मला इथपर्यंत येतो. तरी मनातला गुंता सुटत नाही. कोणाजवळ बोलायला गेले तर म्हणतात, "झील घराक इलो मां? मगे आता कित्याचो इचार करतंस?" त्यांचं खरं आहे. पण मधले ते तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

सदा बगदादला एका हॉटेलात स्वयंपाकी होता. आधी गोव्यात होता, तिथून ओळखीने तिकडे गेला. दोन वर्षं झाली होती. तिथे बॉम्ब फुटतात हे आम्हाला माहीत होतं. टीव्हीवर दाखवलं की मी फोन लावायची आणि तो दरवेळी एकच सांगायचा, "लांब झाला, आये. माझ्यापासून लांब झाला." त्याचं हे लांब किती लांब, ते मी कधी विचारलं नाही. कधीतरी मन हलकं असलं की तो त्या शहराचं सांगायचा. सकाळी भाजीच्या बाजारात बॉम्ब फुटतो, दुपारी लोक पाइपाने रस्ता धुतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी टोमॅटोची रास लागते. बायका हातात फोटो घेऊन या इस्पितळातून त्या इस्पितळात फिरतात. टॅक्सीच्या टपावर पेटी बांधून माणसाला पुरायला नेतात. त्याच्या हाताखाली भांडी घासणाऱ्या एका म्हाताऱ्याचे दोन्ही भाऊ वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या बॉम्बमध्ये गेले होते. तो म्हातारा रोज कामावर यायचा. मी विचारलं, "रे, तेका भय नाय?" सदा म्हणाला, "भय आसा. पण पोटय आसा मां, आये."

त्या वर्षी माघात एक बॉम्ब त्याच्या हॉटेलापासून दोनच गल्ल्यांवर फुटला. या वेळी तो 'लांब झाला' म्हणाला नाही. हॉटेलवाल्यांनी सांगितलं, ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं, आम्ही अडवणार नाही. सदाने फोन करून विचारलं, "आये, येव काय रवू?" मी फोन ह्यांच्याकडे दिला. हे म्हणाले, "तुझा तू ठरव," आणि फोन परत माझ्या हातात दिला. मग मी म्हटलं, "थांब, देवाक इचारतंय."

इथे मला एक खरं लिहायला हवं. सदाचं आणि ह्यांचं पटत नव्हतं. ह्यांना वाटायचं मुलाने काजू-आंब्याचं बघावं, मुलाला वाटायचं बाप आपल्याला गडी समजतो. सदा गोव्याला जाण्याआधीचं एक वर्ष दोघं एकमेकांशी बोललेच नव्हते. बापाला मुलाशी काही बोलायचं असलं तर तो मला सांगायचा, मुलगा समोर बसलेला असायचा. तो गेला तेव्हा मी रडले, पण घर शांत झालं तेही मला बरं वाटलं. तो परत आला तर पुन्हा तेच सुरू होईल, याची मला बॉम्बपेक्षा जास्त धास्ती होती. आज हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण तेव्हा ते तसंच होतं.

आमच्याकडे कुठलीही अडचण आली की ग्रामदेवाकडे कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. आधीच ठरलेलं असतं, अमुक व्हायचं असेल तर उजवी पडू दे, नसेल तर डावी. मग सगळे गप्प बसून बघत राहतात. मी सोमवारी रवळनाथाच्या देवळात गेले तेव्हा तिथे पाच-सात पुरुष बसलेले होते. चारचौघांत बोलायची मला लहानपणापासून भीती. आमच्या घरातलं बोलणं तर त्यांच्यासमोर कसं काढणार? गुरवाने विचारलं, "काय बाय, कित्यासाठी?" मी एवढंच म्हटलं, "सदासाठी. तेच्या येवच्या-रवच्यासाठी." आणि मागे खांबाच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. गुरव सगळ्या गावाचं जाणतो, त्याने मान हलवली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बसलेले पुरुष "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मी डोळे मिटून माझं मनातल्या मनात विचारत होते, देवा, त्याला तिथेच राहू देऊ ना? राहू देऊ तर उजवी दे. मला जे हवं होतं तेच मी उजवीकडे ठेवलं.

उजवी पाकळी लगेच पडली. गुरव म्हणाला, "उजवो दिल्यान! आता वेळ काढू नको, आजच तेका फोन कर." मी देवळाच्या पायरीवरूनच फोन केला. "सदा, देव म्हणता थंयच रव." तो मग म्हणाला, "बरां, आये."

नवव्या दिवशी मी खळ्यात कुळीथ झोडत होते. शेजारची फिलूबाय मधल्या दगडी गडग्यावरून वाकून म्हणाली, "गो, टीव्ही लाव." ती आमच्या गावच्या ख्रिस्ती वाडीतली, तरुणपणी बारा वर्षं कुवेतला एका घरात कामाला होती, त्यामुळे तिकडचं काही झालं की तिचं लक्ष असतं. टीव्हीवर बाजार दिसत होता. सदाच्या हॉटेलाला लागून असलेला बाजार, जिथे तो रोज सकाळी कोथिंबीर आणि पुदिना आणायला जायचा. मागे एकदा त्याने व्हिडिओवर मला तो दाखवला होता, संत्र्यांच्या हातगाड्या, वर निळी ताडपत्री. टीव्हीवर ती ताडपत्री खाली पडली होती आणि तिच्याखाली काहीतरी झाकलं होतं. एक बाई नुसती हात वर करून फिरत होती. एक चप्पल मधोमध सुटी पडली होती. मी फोन लावला, बंद. पुन्हा लावला. त्या दिवशी किती वेळा लावला ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरव घरी आला. गावात बातमी गेली होती. पायरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "पण बाय, तो थंय रवलोच कसो? देवान तर उजवो दिलेलो."

मी म्हटलं, "म्हणानच रवलो."

"म्हणान म्हणजे?" त्याने तांब्या खाली ठेवला. "मी गाऱ्हाणां घातलंय, लेकराक घराक हाडूचा आसा, हाडूचा तर उजवी दी. देवान दिल्यान. तू आयकलंस नाय?"

मी ऐकलंच नव्हतं. मी तिथे उभी होते, पण माझं मी बोलत होते. मला घेरी आली. गुरवाला वाटलं मुलाच्या काळजीने आली. तो ह्यांना हाक मारून, मला धीर देऊन निघून गेला. देव म्हणत होता मुलाला आण, आणि मी मुलाला सांगितलं तिथेच राहा. की देवाने माझंच ऐकलं होतं आणि तरी असं झालं? दोन्ही बाजूंनी विचार केला तरी मी एकाच जागी येऊन पडत होते.

दुपारी आम्ही एसटीने ओरोसला जिल्हा कचेरीत गेलो, सदाच्या शोधासाठी अर्ज द्यायला. तिथल्या साहेबांनी आम्हाला खुर्ची दिली, नीट विचारलं, "मुलाचं पूर्ण नाव? तिथला पत्ता?" ह्यांनी नाव सांगितलं. पत्ता आमच्याकडे नव्हता. मी म्हटलं, "बाजाराच्या बाजूचं हॉटेल." साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं आणि म्हणाले, "पुढे कळवतो. धीर धरा." त्यांचा काही दोष नव्हता. पण एवढ्या मोठ्या शहरात, जिथे रोज कोणीतरी कोणाला शोधतं आहे, तिथे माझा मुलगा 'बाजाराच्या बाजूचा' एवढाच होता.

परतीच्या गाडीत हे माझ्या शेजारी बसले होते. दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, "तू जीवाक लावन घेव नको. देव रव म्हणालो, तो रवलो. तुझी चूक नाय." मला वाटलं गाडीतून उडी टाकावी. हा माणूस मला धीर देत होता, आणि तो कशाच्या जोरावर देत होता ते फक्त मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात गेले. मागोमाग हेही आले, मी कुठे विहिरीकडे जाते की काय या भीतीने आले असावेत. देऊळ रिकामं होतं. मला कौल लावायचा नव्हता. मुलाला वाचव असं म्हणायचाही हक्क मला उरला नव्हता. शेवटी एवढंच मनात आलं, देवा, तो असेल तिथे त्याच्याजवळ कोणीतरी असू दे. मेला असला तरी कोणीतरी जवळ असू दे. एकटा नको. मग बाहेर येऊन पायरीवर मी ह्यांना सगळं सांगितलं. मी काय विचारलं, गुरवाने काय विचारलं, आणि मला तो तिथेच का हवा होता.

मला वाटलं हे आता मारतील. हे समोरच्या चाफ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माकाय तो थंयच होयो होतो." एवढंच. आणि पंच्याने तोंड पुसलं.

आम्ही घरी आलो. मी पेज गरम करत होते तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. उचलला तर एक बाई मला न कळणाऱ्या भाषेत भराभर बोलत होती. मला उत्तर देता येईना. एरवी अनोळखी आवाज आला की मी फोन ठेवूनच देते. पण ती थांबेचना, आणि तिच्या बोलण्यात मधेच मला 'सदा' असं ऐकू आलं. मग कोणीतरी फोन घेतला आणि सदा मोठमोठ्याने ओरडायला लागला, "आये! माका आयकाक येणा नाय! तू काय बोलान उपयोग नाय! मी बरो आसंय! पाय मोडलो, बाकी बरो आसंय! बापाशीक सांग!" मी "रे सदा, रे सदा" करत राहिले. त्याला ते ऐकू जात नव्हतं. हे दारात उभे होते, त्यांना फोनातून सगळं ऐकू गेलं होतं. ते खालीच बसले.

पुढची हकिगत आम्हाला हळूहळू कळली, थोडी सदाकडून, थोडी फिलूबायकडून. त्या बाईशी पुढे फिलूबायच फोनवर अरबीत बोलायची. बाईचं नाव आम्हाला माहीत नाही. तिला सगळे उम हैदर म्हणतात. फिलूबाय म्हणाली, "थंय बाईक पयल्या झिलाच्या नावान हाक मारतत. उम हैदर म्हणजे हैदराची आये." हैदर त्या बाजारात हातगाडीवर संत्री विकायचा. बॉम्बचा आवाज झाला तशी ती गल्लीतून धावत आली. उलटलेल्या हातगाडीजवळ एक पोरगा पालथा पडला होता, अंगाने हैदरएवढाच, केस तसेच. तिने त्याचं डोकं उचलून मांडीवर घेतलं, तोंडावरची काजळी आपल्या बुरख्याने पुसली. तो हैदर नव्हता. तो माझा सदा होता.

इस्पितळाच्या गाड्या भरून जात होत्या, उरलेल्यांना लोक हातगाड्यांवर घालून नेत होते. तिने दोघा माणसांना हाका मारून सदाला एका हातगाडीवर घालायला लावलं आणि आपल्या घरी आणलं. गल्लीतल्या डॉक्टरने पाय बांधला. सदाला दोन दिवस स्वतःचं नावही नीट सांगता येत नव्हतं, फोन हरवलेला, कान बंद. त्याला घरी झोपवून ती रोज हैदरला शोधायला बाहेर पडायची आणि आल्यावर सदाला भरवायची. तो हैदरच्याच बिछान्यावर होता. तिसऱ्या दिवशी सदाला माझा नंबर आठवला आणि तिने फोन लावून दिला. हैदर एका इस्पितळात सापडला होता, आणि त्याच सकाळी घरच्यांनी त्याला पुरलं होतं. मला फोन लावताना ती हे सगळं जाणून होती. मी तेव्हा आनंदाने रडत होते.

सदा महिन्याने घरी आला. डाव्या कानाने त्याला अजून ऐकू येत नाही. त्यामुळे बापाला त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं, आणि आमच्या घरातलं सगळं आता वाडीला कळतं. भांडणं होतात, नाही असं नाही. परवाच कलमांच्या फवारणीवरून झालं. पण मी मधे नसते, ते दोघं थेट एकमेकांशी भांडतात.

गुरवाला मी खरं काय ते सांगितलं. देवळात सांगायचं धैर्य नव्हतं, तिठ्यावर एकटा भेटला तेव्हा सांगितलं. तो आधी माझ्याकडे बघतच राहिला, मग हसत सुटला. "म्हणजे एका देवाक आपण दोघांनी दोन कामांक लावलां? आणि तेणां कोणाक ना म्हणूक नाय?" मला हसू आलं नाही. मी विचारलं, "पण पाकळी कोणासाठी पडली?" तो गंभीर झाला. "बाय, तीस वर्षां मी पाकळ्यो चिकटवतंय. पडता ती मी बघतंय. कोणासाठी पडता, ता माका खंय म्हायत?"

त्याच्या बोलण्याने मला बरं वाटलं, आणि बरं वाटलंही नाही. मी देवाकडे मागितलं होतं, मुलाजवळ कोणीतरी असू दे. ते मी तिसऱ्या दिवशी मागितलं आणि ती बाई पहिल्याच दिवसापासून त्याच्याजवळ होती. म्हणजे मी मागायच्या आधीच ते दिलेलं होतं. यात देवाची कृपा आहे असं मी मानते, मनापासून मानते. पण त्या बाईनेही तिच्या देवाकडे मागितलं असेल. माझ्यासारखं मनात नाही, मोठ्याने मागितलं असेल. तिने विचारण्यात काही चूकही केली नव्हती. हैदर संत्री विकत होता, कोणाचं काही वाकडं करत नव्हता. मग असं का? मी कृपा म्हणते ती तिच्या घरातून उचलून माझ्या घरात ठेवल्यासारखी वाटते, आणि मला ती नीट हातात धरता येत नाही.

ती दर शुक्रवारी सदाला फोन करते. सदा तोडक्यामोडक्या अरबीत तिच्याशी बोलतो, फोन उजव्या कानाला लावून. तो जेवला का, पाय कसा आहे, एवढंच विचारते. एकदा फिलूबाय आमच्याकडे बसलेली असताना फोन आला. मी फिलूबायला म्हटलं, "तिका इचार, माझो झील वाचलो आणि तुझो गेलो, तुका माझो राग येणा नाय?"

फिलूबाय माझ्यावर खेकसली. "असला कोणी इचारता काय गो? डोक्यार पडलंस?"

"इचार तू."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि विचारलं. फोन व्हिडिओवर होता, पडद्यावर ती बाई दिसत होती. तोंडावर सुरकुत्या, डोक्यावर काळं कापड, मागे भिंतीला हैदरचा फोटो. मग ती हळूहळू बोलली आणि फिलूबायने तोडून तोडून मला सांगितलं. "ती म्हणता, येता. कधी कधी खूब येता. तेव्हा मी सदाक फोन करतंय."

फिलूबायने तिला आपल्याच मनाने विचारलं, मग त्या दिवशी तू त्याला घरी का आणलंस? ती म्हणाली, "तेचां डोकां उचललेलां होतां. मगे परत रस्त्यार कसां ठेवू?"

माझ्या प्रश्नाला यात उत्तर नाही. मी खूप शोधलं, नाही सापडलं. पण त्या दिवसापासून मी देवाला विचारणं सोडलं. विचारायला गेलं की आपल्याला हवं तेच आपण आधी ठेवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आता मी देवासमोर नुसती बसते. तो जे करेल ते करेल. आणि ज्याचं डोकं माझ्या मांडीवर येईल, ते मला खाली ठेवता येऊ नये, एवढं व्हावं.

आज शुक्रवार आहे. सदा हात धुऊन, फोन घेऊन ओटीवर गेला आहे. "आये, उम हैदर बोलवता तुका," म्हणून ओरडतो आहे. तिला आमच्यातलं काही कळत नाही, मला तिच्यातलं काही कळत नाही, फिलूबाय आज मासळी बाजारात गेली आहे. तरी जाते.